वेगाचे पैसे की दमाचे? गाडीचं परफॉर्मन्स पॅकेज समजून घेताना

माझा भाचा बेळगावजवळच्या मच्छे इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये छोटं मशिन शॉप चालवतो. दहा वर्षं राबून त्याने धंदा उभा केला आणि आता त्याला मनासारखी स्पोर्ट्स कार घ्यायची आहे. मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी तो कोटेशनचा कागद हातात घेऊनच घरी आला. म्हणाला, "मामा, गाडी ठरली. ही एक ओळ तेवढी सांगा, घेऊ की सोडू?" त्या ओळीत लिहिलं होतं, 'परफॉर्मन्स पॅकेज', आणि पुढे साडेतीन लाखांचा आकडा.

हा प्रश्न आता बेळगावात बरेच जण विचारू लागले आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा २८ टक्के जीएसटी आणि त्यावरचा २२ टक्क्यांपर्यंतचा सेस जाऊन सरसकट ४० टक्के जीएसटी झाला. त्याच्या दोन महिने आधी, २४ जुलैला, ब्रिटनशी व्यापार करार झाला. तिथे बनलेल्या गाड्यांवरची शंभर टक्क्यांच्या वरची आयात जकात ठरावीक संख्येपुरती टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर आणायचं त्यात ठरलं. तेव्हापासून उद्यमबागेतल्या चहाच्या टपरीवर भट्टीच्या आणि जॉबच्या गप्पांत या गाड्याही आल्या. किमतीचं सगळ्यांना कळतं. पॅकेज म्हटलं की मात्र माणूस गप्प होतो, कारण माहितीपत्रकातले शब्द डोक्यावरून जातात.

मी पंचवीस वर्षं कास्टिंगचं मशिनिंग केलं. ब्रेकच्या डिस्क आणि ड्रम हजारांनी या हातांखालून गेले. लोखंड तापलं की कसं वागतं ते मला ठाऊक आहे, आणि या पॅकेजचं अर्धं गणित तिथेच आहे. भाच्याला जे समजावलं तेच इथे सविस्तर लिहितो.

एकाच नावाखाली तीन वेगळ्या वस्तू

परफॉर्मन्स पॅकेज म्हणजे गाडीचं पळणं, वळणं आणि थांबणं सुधारण्यासाठी कंपनीनेच कारखान्यात बसवून दिलेलं जादा सामान. व्याख्या एवढीच. घोळ असा की या नावाखाली तीन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली नटण्यासजण्याची. बीएमडब्ल्यूचं एम स्पोर्ट, ऑडीचं एस लाइन, मर्सिडीजचं एएमजी लाइन या नावांच्या पॅकेजांत प्रामुख्याने बंपर, चाकं, स्टिअरिंग, सीटची शिलाई बदलते. काही ठिकाणी शॉकअप थोडे कडक मिळतात, पण बॉनेटखालचं इंजिन साधंच असतं. आपल्याकडची ह्युंदाईची आय-ट्वेंटी एन लाइन यात अधेमधे बसते. तिचं १२० पीएसचं (पीएस म्हणजे साधारण अश्वशक्ती) टर्बो इंजिन पूर्वी साध्या टर्बो आय-ट्वेंटीतही मिळायचं, पण सस्पेन्शन कडक केलंय, स्टिअरिंगचा भार बदललाय, चारही चाकांना डिस्क दिल्यात आणि सायलेन्सरचा आवाज भारदस्त केलाय.

दुसरी गोष्ट सॉफ्टवेअरची. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांना कंपनीने ताशी २५० किलोमीटरवर लगाम घातलेला असतो. 'एम ड्रायव्हर्स पॅकेज' घेतलं की एम-टूला तो २८५ पर्यंत आणि एम-थ्री, एम-फोर कॉम्पिटिशनला २९० पर्यंत सैल होतो. सोबत ट्रॅकवर गाडी चालवण्याचं एक प्रशिक्षण मिळतं. आपल्याकडे चौपदरी हमरस्त्यावर गाड्यांसाठी केंद्राने ठरवलेली कमाल मर्यादा १०० आहे आणि एक्स्प्रेसवेवर १२०. निपाणी ते बेळगाव रस्ता कितीही मोकळा असला तरी त्या वरच्या ३५-४० किलोमीटरचा इथे काडीचा उपयोग नाही. त्या पॅकेजातलं प्रशिक्षण मात्र मला खरंच मोलाचं वाटतं.

तिसरी गोष्ट खऱ्या लोखंडाची. मोठे ब्रेक, मोठा रेडिएटर, वेगळं डिफरेन्शियल (दोन चाकांना ताकद वाटणारी गिअरची पेटी, तिच्याबद्दल पुढे), कडक स्प्रिंगा, जास्त पकडीचे टायर. अमेरिकेत फोर्डच्या मस्टँग जीटीला मिळणारं परफॉर्मन्स पॅकेज या जातीचं होतं. साध्या जीटीला पुढे ३५२ मिलिमीटरची डिस्क आणि चार पिस्टनचे ब्रेक. पॅकेजवालीला ३८० मिलिमीटरची डिस्क, सहा पिस्टनचे ब्रेम्बो, मोठा रेडिएटर आणि टॉर्सन डिफरेन्शियल. भारतात २०१६ मध्ये मस्टँग आली ती एकाच जीटी रूपात, त्यामुळे इथल्या ग्राहकाला ही निवड करावीच लागली नाही.

म्हणून कागदावरचं नाव सोडा आणि त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेली सामानाची यादी मागा. यादी मिळाली नाही तर पैसे देऊ नका.

एक दशांश सेकंद म्हणजे किती?

शोरूममध्ये सगळ्यात आधी सांगितला जातो तो 'शून्य ते शंभर'चा आकडा. उभी गाडी ताशी १०० किलोमीटरला किती सेकंदांत पोचते, तो. आपण ज्याला पिकअप म्हणतो त्याचं हे माप.

फोक्सवॅगनच्या सातव्या पिढीच्या गोल्फ जीटीआयचं उदाहरण घेऊ. साधी जीटीआय २२० पीएसची, शंभरला ६.५ सेकंदांत पोचणारी. परफॉर्मन्स पॅकवाली २३० पीएसची, ६.४ सेकंदांत पोचणारी. दोघी शेजारी उभ्या करून एकदमच सोडल्या आणि वेग एकसारखा वाढतो असं धरलं, तर पॅकवाली शंभरला टेकते तेव्हा दुसरी तिच्यामागे साधारण १.४ मीटर असते. गाडीची लांबीच सव्वाचार मीटर आहे, म्हणजे फरक तिच्या एक तृतीयांश लांबीचा.

पोर्श ७१८ केमन बघा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवाली साधी केमन ४.९ सेकंद घेते, 'स्पोर्ट क्रोनो' पॅकेज घेतलेली ४.७. हिशेब केला तर अंतर पडतं २.७ मीटर. तेही कधी? रस्ता कोरडा, टायर गरम आणि 'लाँच कंट्रोल' वापरलेलं असेल तर. लाँच कंट्रोल म्हणजे ब्रेक दाबून ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण द्यायचा आणि ब्रेक सोडला की संगणकाने चाक जागच्या जागी गरगरू न देता गाडी सोडायची. रेल्वेचं फाटक उघडल्यावर रिक्षा, दुचाक्या आणि भाजीच्या गाड्यांच्या मधून कुणी हे करणार नाही आणि करूही नये.

या आकड्यासाठी साडेतीन लाख द्यायचे असतील तर माझं उत्तर सरळ 'नको' आहे. पण गोल्फच्या त्या पॅकमध्ये दहा पीएस ही वरवरची गोष्ट होती. खरा माल होता मोठ्या डिस्क आणि पुढच्या चाकांचं लॉक होणारं डिफरेन्शियल. शून्य ते शंभरच्या आकड्यात त्यांचं काम जवळपास दिसतच नाही.

आपल्याकडे कुस्तीचं मैदान पाहिलेल्याला हे लगेच कळेल. पहिल्या मिनिटाला दोन्ही पैलवान तोडीस तोड दिसतात. ताकद सारखी, वजन सारखं. दहाव्या मिनिटाला एकाचा दम उखडतो, हात ढिले पडतात, घामाने पकड सुटते, आणि दुसऱ्याचा श्वास तेव्हाही संथ असतो. चांगलं पॅकेज गाडीला दम देतं. पहिल्यांदा जे जमलं ते दहाव्यांदाही तसंच जमवून दाखवणं, हा त्याचा गुण.

ब्रेक काय करतो? पाणी तापवतो

धावत्या गाडीत ऊर्जा साठलेली असते. ब्रेक लावला की ती नाहीशी होत नाही, तिची उष्णता होते, आणि ती सगळी डिस्क आणि पॅडमध्ये जाते. दीड टन वजनाची गाडी ताशी शंभरवरून थांबवली तर जी उष्णता निघते, तिच्यात पावणेदोन लिटरहून जास्त पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत नेता येईल. तीच गाडी १४० वरून थांबवली तर साडेतीन लिटरहून जास्त. वेग दीडपटही झालेला नाही, उष्णता मात्र जवळपास दुप्पट, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. घरी गॅसवर एवढं पाणी उकळायला किती वेळ लागतो आठवा. ब्रेकला तेवढी उष्णता चार-पाच सेकंदांत गिळायची असते.

आता घाट घ्या. कणकुंबी सोडून चोर्ला उतरायला लागलो की उतारच उतार. ५०० मीटर उंची उतरलो असं धरलं तर दीड टनाच्या गाडीची त्या उतारावरची ऊर्जा तेवीस लिटर पाणी उकळेल इतकी होते. यातली काही वारा खातो, काही टायर खातात, गिअर खालचा ठेवला तर बरीचशी इंजिन खातं. न्यूट्रलमध्ये किंवा वरच्या गिअरमध्ये उतरलात तर उरलेली सगळी ब्रेकवर येते.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. बरीच वर्षं झाली, पावसाळा नुकताच संपला होता, आम्ही पाचजण सामानासकट चोर्ला घाटातून गोव्याला निघालो होतो. गाडी साधीच. मी चौथ्या गिअरमध्ये, प्रत्येक वळणाला ब्रेक लावत उतरत होतो. अर्ध्या घाटात जळक्या रबरासारखा वास आला. दोन वळणांनंतर पेडल दाबलं तर ते मऊ लागलं, ओल्या कणकेत पाय रुतावा तसं, आणि जवळजवळ तळाला गेलं. गाडी थांबली नाही. मागच्या सीटवर माझी आई होती. मी पेडल भराभर दोन-तीनदा मारलं, तिसरा टाकला, मग दुसरा. इंजिन ओरडलं आणि गाडी दरडीच्या बाजूला घासत थांबली. चाकातून धूर येत होता. पाऊण तास थांबल्यावर पेडल पुन्हा कडक झालं, जणू काही घडलंच नव्हतं.

नंतर मेकॅनिकने ब्रेक ऑइल काढलं ते चहासारखं काळपट निघालं. चार वर्षं बदललं नव्हतं. चूक सर्वस्वी माझी.

झालं काय होतं ते सांगतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट-फोर प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी प्रमाणित किमान मर्यादा १५५ अंशांची आहे. सह्याद्रीच्या कुशीतल्या आपल्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग पायाचा सगळा जोर बुडबुडे दाबण्यात जातो आणि पिस्टनपर्यंत पोचतच नाही. पॅड अतितापून घासण्याची ताकद गमावतात ती गोष्ट वेगळी, तेव्हा पेडल कडक राहतं पण गाडी पुढे जातच राहते. दोन्हीला मिळून इंग्रजीतून आलेला शब्द 'फेड' वापरतात. मी त्याला ब्रेकचा दम उखडणं म्हणतो.

मोठी डिस्क इथे कामाला येते. जितकं जास्त लोखंड तितकी जास्त उष्णता त्यात मावते, आणि दोन थरांच्या मधल्या पोकळ फटींतून वारा फिरून ती बाहेर जाते. डिस्कला आपलं साधं करडं बीडच लागतं. त्यातल्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळे ते उष्णता झटपट वाहून नेतं. डिस्कवरची छिद्रं पाहून भुलू नका. सारख्या तापण्या-निवण्याने तडा जायला सुरुवात बहुतेकदा त्या छिद्राच्या कडेपासूनच होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. लाल रंगाचे कॅलिपरही (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) नुसते रंगवलेले असू शकतात. विचारायचं ते डिस्कचा व्यास किती, जाडी किती, पिस्टन किती. पोर्शच्या कार्बन-सिरॅमिक डिस्क बिडाच्या डिस्कच्या निम्म्या वजनाच्या असतात, पण त्या ट्रॅकवर दिवसभर गाडी पळवणाऱ्यासाठी आहेत. दुरुस्तीचा आकडा ऐकून घाम फुटेल.

मोठ्या ब्रेकने गाडी लवकर थांबते का?

एकदाच थांबवायची असेल तर बहुधा नाही. साध्या गाडीचा ब्रेकही एबीएस (चाक पूर्ण अडकू न देणारी यंत्रणा) चालू होईपर्यंत चाक अडवू शकतो. तिथून पुढे गाडी किती मीटरात थांबेल ते टायरची रस्त्यावरची पकड ठरवते, आणि प्रत्येक टायरचा रस्त्याला टेकलेला भाग तळहाताएवढाच असतो. पहिल्या थांबण्यात चांगले टायर जिंकतात, दहाव्यात मोठे ब्रेक.

म्हणून गाडी फक्त शहरात, टिळकवाडी ते कॅम्प फिरणार असेल तर मोठे ब्रेक घेऊन उपयोग शून्य. महिन्यातून दोनदा आंबोली किंवा चोर्ला असेल आणि गाडी वजनदार, ताकदवान असली, तरी दर दोन वर्षांनी नवं ब्रेक ऑइल, चांगले पॅड आणि खालचा गिअर एवढ्यात भागतं. मला त्या दिवशी पॅकेजची गरज नव्हती, काही शे रुपयांच्या ऑइलची होती. गाडी ट्रॅकवर नेणार असाल तर मात्र मोठे ब्रेक आणि मोठा रेडिएटर हवेतच. तिथे दर मिनिटाला दोन-तीनदा जोराचा ब्रेक लागतो आणि निवायला वेळच मिळत नाही.

आणि ट्रॅक कुठे आहे? बेळगावात नाही. कोइम्बतूर, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा. कोल्हापूरजवळ कार्टिंगचा ट्रॅक आहे. हात बसवायला तो उत्तम, पण तिथे गाडी त्यांची असते. वर्षातून एकदा तरी कोइम्बतूरला जाणार का, हे भाच्याने मला नाही, स्वतःला सांगायचं आहे.

उसाच्या फडातला ट्रॅक्टर

यादीत 'लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल' असं लिहिलेलं असतं. चिकोडी-अथणीच्या शेतकऱ्याला हे मला समजावून सांगावं लागत नाही.

गाडी वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. बैलजोडी वळवताना बाहेरचा बैल झपझप चालतो आणि आतला जवळपास जागच्या जागी पाय टाकतो, तसंच. दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची पेटी म्हणजे डिफरेन्शियल. तिचा दोष असा की एक चाक घसरलं तर ताकद त्या मोकळ्या चाकासोबत वाया जाते. फडातून उसाची ट्रॉली ओढताना ट्रॅक्टरचं एक चाक चिखलात गरगर फिरतं आणि दुसरं कोरड्यावर असूनही ढिम्म हलत नाही. मग चालक टाचेखालचं पेडल दाबतो. डिफरेन्शियल लॉक लागतं, दोन्ही चाकं एकत्र फिरतात आणि ट्रॉली बाहेर येते. वळताना मात्र ते लॉक सोडावं लागतं, नाहीतर ट्रॅक्टर वळत नाही.

लिमिटेड स्लिप म्हणजे हेच लॉक, पण आपोआप आणि गरजेपुरतंच लागणारं. ताकदवान गाडी वळणातून बाहेर पडताना आतल्या चाकावरचा भार कमी होतो, ते घसरू लागतं, आणि हे यंत्र ताकद बाहेरच्या चाकाकडे वळवतं. मस्टँगच्या पॅकेजातलं टॉर्सन हे काम नुसत्या गिअरच्या दातांनी करतं, गोल्फमधलं संगणकाने दाबल्या जाणाऱ्या प्लेटांनी.

बऱ्याच गाड्यांत हे यंत्र नसतंच. घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून तसाच परिणाम साधतात. पावसात, शहरात ते पुरतं. पण त्याने ब्रेक तापतात आणि ताकदही खाल्ली जाते. म्हणून विक्रेत्याला नेमकं विचारा, लॉक यांत्रिक आहे की ब्रेकने केलेलं? माझ्या मते अख्ख्या यादीत पैसे मोजावेत अशी हीच एक वस्तू आहे, कारण आंबोलीच्या ओल्या वळणावर साध्या वेगातही तिचा फरक हाताला जाणवतो, आणि नंतर ती बसवणं जवळपास अशक्य असतं.

आपले रस्ते, आपले गतिरोधक

पॅकेजमध्ये चाकं मोठी होतात आणि टायरची भिंत उतरते. टायरवर २३५/३५ असं लिहिलं असेल तर भिंतीची उंची २३५ च्या ३५ टक्के, म्हणजे ८२ मिलिमीटर. २२५/५० असेल तर ११२. खड्ड्याचा तडाखा आधी ही रबराची उशी झेलते. ती तीन सेंटिमीटरने पातळ झाली की तडाखा थेट रिमवर जातो. लोंढ्याच्या बाजूला खानापूर सोडल्यावर वर्षानुवर्षं जो रस्ता आपण भोगलाय, तो आठवून निर्णय घ्या.

शिवाय गाडी खाली बसते. पोर्शचं स्पोर्ट सस्पेन्शन ७१८ ला वीस मिलिमीटरने उतरवतं. भारतीय रोड काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे चांगला लांबट हवा. आमच्या गल्लीतला मी आणि भाच्याने त्याच रविवारी स्टीलच्या टेपने मोजला. उंची चौदा सेंटिमीटर, रुंदी मीटरभरसुद्धा नाही. भाचा रस्त्यावर उकिडवा बसून टेपकडे बघत राहिला. त्याच्या गाडीच्या पोटाखाली जमिनीपासून तेरा सेंटिमीटर जागा आहे, आणि पॅकेज घेतलं तर बारा.

कडक शॉकअपबद्दलही हेच. गुळगुळीत ट्रॅकवर कडक स्प्रिंग चाक जमिनीला धरून ठेवते, खडबडीत रस्त्यावर तीच चाकाला उडवते. बटणाने मऊ-कडक होणारे शॉकअप पॅकेजात असतील तर गोष्ट वेगळी, ते दोन्हीकडे उपयोगी पडतात.

"नंतर बाहेरून बसवून घेऊ की"

हे मला सगळ्यात जास्त ऐकू येतं. आपल्याकडे कुशल हात आहेत, लेथ आहे, मग अडतंय कुठे?

अडतं कायद्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट शब्दांत सांगितलं. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावून हौस करणारी मुलं यातच अडकतात. कारखान्यातून आलेलं पॅकेज मूळ तपशिलाचाच भाग असतं. बाहेरून केलेल्या बदलाची विमा कंपनीला माहिती दिली नसेल तर अपघाताच्या दाव्याला तेच कारण पुरतं, आणि इंजिनची वॉरंटी सुटण्याची भीती वेगळी.

पण सगळंच कारखान्यातून घ्यावं लागतं असंही नाही. पॅड, ब्रेक ऑइल, त्याच मापाचे जास्त पकडीचे टायर, हे सगळं झिजणारं सामान आहे. ते केव्हाही चांगल्या प्रतीचं घेता येतं. डिफरेन्शियल, रेडिएटर, मोठ्या डिस्क मात्र बुकिंगच्या वेळीच ठरवावं लागतं. पॅकेजच्या यादीवर पेन्सिलने खुणा करा, नंतर मिळणारं आणि न मिळणारं. न मिळणाऱ्यात काहीच उरलं नाही तर पॅकेज सोडा.

सीमेवरचा हिशेब

पॅकेजची किंमत गाडीच्या किमतीत मिळते आणि तिच्यावरही कर लागतो. कर्नाटकात वीस लाखांवरच्या गाडीला आजीवन कर १८ टक्के, सेस वेगळा. साडेतीन लाखांच्या पॅकेजवर कर झाला ६३ हजार. विमाही त्या प्रमाणात वाढतो.

महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के. मग चंदगडच्या मावशीच्या किंवा कागलच्या मेहुण्याच्या नावावर गाडी घेऊन कोल्हापूरचा एमएच-०९ नंबर लावायची कल्पना आपल्याकडे घरोघरी निघते. कायद्याचं कलम ४७ सांगतं की दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथे नव्याने नोंदणी करावी लागते. नोंदणी आली की इथला करही आला. शिवाय गाडी एकाच्या नावावर आणि चालवणारा दुसरा, अशात अपघात झाला की कागद कुणाचे आणि उत्तर कुणी द्यायचं, हे मी एका घरात पाहिलंय. गाडी जिथे राहणार तिथलाच नंबर घ्यावा.

दुरुस्तीचं गणितही याच हिशेबात धरा. पोर्शसारख्या गाडीला अधिकृत वर्कशॉपसाठी बेंगळुरू, मुंबईसारखं मोठं शहर गाठावं लागतं. बेंगळुरू इथून पाचशे किलोमीटर.

विकताना पैसे निघतात का? पूर्ण निघत नाहीत. पॅकेज असलेली गाडी जाणकाराला लवकर विकली जाते, एवढंच. आणि बेळगावात असा जाणकार गिऱ्हाईक शोधावा लागतो.

"हौसेला मोल नसतं, मामा"

भाच्याचं हे शेवटचं वाक्य होतं आणि मला ते पटतं. शाळा सुटल्यावर दुसऱ्याच्या कारखान्यात कास्टिंगचे बर (कडेचे धारदार खरवडे) काढणाऱ्या पोराने स्वतःच्या कमाईवर अशी गाडी घ्यावी, यात मला अभिमान आहे. त्याला आवाज आवडत असेल, वळणावर गाडीने जमीन धरून ठेवलेली हातांना कळावी असं वाटत असेल, तर त्यासाठी दिलेले पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही. हौस नेमकी कशाची आहे ते त्याने ओळखावं, एवढंच मी त्याला म्हटलं. आवाजाची असेल तर त्या यादीत आवाज नाही. दिसण्याची असेल तर बंपरचं पॅकेज स्वस्तात मिळतं. घाटात चालवण्याची असेल तर डिफरेन्शियल घ्यावं आणि मोठी चाकं नाकारता येतात का ते विचारावं.

त्याने तिथेच बसून शोरूमला तीन प्रश्न लिहून पाठवले: लॉक यांत्रिक आहे का, डिस्कचा व्यास साध्या गाडीपेक्षा किती जास्त आहे, आणि पॅकेज ठेवून लहान चाकं मिळतील का. दोन दिवसांनी उत्तर आलं. लॉक यांत्रिक आहे, डिस्क २८ मिलिमीटरने मोठी आहे. त्यामुळेच लहान चाकं बसणार नाहीत, कॅलिपर आत घासतो.

आता येत्या शनिवारी पॅकेजवाली डेमो गाडी आमच्या गल्लीत येणार आहे. भाचा, त्याची बायको, मी आणि त्याचा थोरला, असे चौघे आत बसून ती त्या चौदा सेंटिमीटरवरून हळूहळू नेणार आहोत.